नागूची नवमी

बेळगावला निघाले आहे म्हटल्यावर शाळेतल्या प्रत्येक बाईने मला कुंदा आणायला सांगितले. लढाईमुळे साखर मोजून मिळते, हलवाई भट्ट्या विझवून बसले आहेत, तेव्हा कुंदा आणता आलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. बाकी जे पाहिले, खाल्ले आणि ऐकले ते लिहिते. त्या बाजूला पुण्याची माणसे फारशी जात नाहीत, आणि गेलीच तर तंबाखूच्या सौद्याला जातात.

मी गेले होते जेवायला. बेळगावला लागून शहापूर आहे, तिथे विणकरांच्या गल्लीत माझे माहेर होते. वडील शिंपी. आमच्या भिंतीला भिंत लावून एका विणकराचे घर, आणि त्या घरातली नागू माझ्याच वयाची. ती लग्न होऊन निपाणीच्या पलीकडे सदलग्याला गेली, मी पुण्याला आले. गेल्या मार्गशीर्षात नागू तापाने वारली. श्रावण संपता संपता तिचा धाकटा भाऊ मल्लाप्पा याचे कार्ड आले: आक्काची पहिली नवमी आहे, तुम्ही जेवायला यावे असे तिनेच सांगून ठेवले होते, दाजींचा निरोप आहे.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा हयात असताना जी बाई जाते तिच्या नावाने पितृपक्षातल्या नवमीला एका सवाष्णीला बोलावतात. तिचे पाय धुतात, कुंकू लावतात, पोटभर जेवू घालतात, ओटी भरून लुगडे देतात. माझे यजमान छापखान्यात होते, त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. तेव्हा मला बोलावले आहे ते बालमैत्रीण म्हणून, मागच्या पंगतीला, असे धरून मी शाळेतून रजा घेतली. मी शिवण शिकवते. चार दिवस मुलींनी काजे केली नाहीत तर जग बुडत नाही.

शहापूर

मल्लाप्पा स्टेशनवर आला होता. मी त्याला शेवटचा पाहिला तेव्हा तो नागूच्या कडेवर होता आणि त्याचे नाक वाहत होते. आता कानावरचे केस पिकले आहेत. त्याने वळकटी उचलली आणि म्हणाला, "सुंदराक्का, लई वाळलासा."

पुण्यात अशा वेळी प्रकृती छान दिसते म्हणतात. हे मला बरे वाटले.

शहापूर सांगली संस्थानात आहे आणि बेळगाव सरकारात, पण टांगेवाल्याला त्याचे काही नाही. एकाच घोड्याने तो दोन्ही राज्ये करतो. गल्लीच्या तोंडाशी मात्र मी त्याला थांबवले. माझा समज झाला की आपण चुकीच्या गल्लीत आलो. आवाजच नव्हता. माझ्या लहानपणी या गल्लीत मागांच्या खटखटीमुळे हळू बोलणे कुणाला येतच नसे. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा सासूबाई मला ओरडून बोलते म्हणून रागवत. आता सूत मिळत नाही. मिळते ते वाट्याने, आणि तो वाटा आठवडाभरसुद्धा पुरत नाही. एका घरात माग चालू होता, तो थांबला की सारी गल्ली थांबल्यासारखी वाटे.

मल्लाप्पाची बायको बाळंतपणाला माहेरी गेली आहे. त्याने माझ्यासाठी स्वतः भात केला होता. खालून करपलेला, वरून कच्चा. मी त्याला बाहेर बसवले आणि चूल हातात घेतली. शेंगांची चटणी मात्र उत्तम होती, ती बायको जाताना करून गेली होती. इकडच्या भाकऱ्या आपल्या दीडपट असतात, आणि एक खाऊन कुणी उठला तर घरचे लोक त्याला काय दुखते म्हणून विचारतात.

जेवण झाल्यावर मी परड्यात गेले. आमचे घर आता एका वाण्याकडे आहे, पण मधली भिंत तीच आहे. नागू डावखुरी होती. सूत भरायचा रहाट डाव्या हाताने फिरवायची म्हणून तिला इतर पोरींच्या उलट्या बाजूला बसावे लागे, म्हणजे आमच्या भिंतीकडे तोंड करून. ती सुताच्या कांड्या भरी आणि मी अलीकडे ओट्यावर बसून वडिलांच्या सुया ओवून ठेवी, आणि आमचे बोलणे दिवसभर चाले.

एकदा माझ्या आईने धुण्याचे पाणी रस्त्यावर फेकले. रस्त्यात नागूच्या वडिलांचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे सूत, खळ लावून वाळत ताणलेला होता. सगळा भिजला. दोन्ही आयांचे असे भांडण झाले की मुलींनी एकमेकींशी बोलायचे नाही असे ठरले. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून गाणे ऐकू आले, "सुंद्रीच्या घरात आज काय गं शिजलं, वास न्हाय आला गं भिंतीवरनं." तिची आई ओरडली. नागू म्हणाली, "बोलू नगं म्हणलीस. गाऊ नगं कवा म्हणलीस?" मीही गाऊ लागले. माझा आवाज वाईट आहे. आठ-दहा दिवसांत दोन्ही आया कंटाळल्या आणि गाण्यापेक्षा बोलणे बरे म्हणून आम्हाला मोकळे केले.

मल्लाप्पाला हे ठाऊक नव्हते. तो हसला आणि मग डोळे पुसत म्हणाला, "सासरलाबी तशीच हुती. सांगितलेलं सगळं ऐकायची, आन करायची मनासारखं."

काकतीच्या पुढचा चढ

दुसऱ्या दिवशी निपाणीची मोटार धरली. पेट्रोल नसल्यामुळे आता मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. मागच्या बाजूला न्हाणीघरातल्या बंबासारखी भट्टी बांधलेली असते. क्लीनर ती ढोसतो, फुंकतो, शिव्या देतो, आणि मग मोटार निघते. उतारावर ती मोटार असते. चढावर तिचे गाढव होते.

काकती मागे पडली आणि चढ लागला. थोडे वर जाऊन मोटारीने मान टाकली. ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, "उतरा सगळी. बायकाबी."

"पैसे पूर्ण घेतलासा की रं," एक म्हातारा म्हणाला.

"पैसे बसायचं घेतलोय, आण्णा. चढायचं न्हाय."

सगळे उतरून रिकाम्या मोटारीमागून चालू लागलो. पाऊस ओसरला होता. दोन्ही बाजूंना गवत कमरेइतके, त्यात पिवळी रानफुले, आणि खाली भाताची खाचरे हिरवीगार. आपल्याकडे अशा जागी लोक फराळाला येतील. इथे एक गुराखी बसला होता आणि आमची वरात बघून त्याची मात्र फार करमणूक झाली.

मल्लाप्पाने काखेतले गाठोडे काही केल्या मोटारीत ठेवले नाही. मी विचारले तेव्हा त्याने तिथेच रस्त्याच्या कडेला ते सोडून दाखवले. हिरवे लुगडे, तांबडे काठ. महिनाभर वाट्याचे सूत साठवून त्याने ते विणले होते. काठ मी बोटाने तपासले. माझा धंदाच तो. काम चोख होते.

"कुणाला हे?"

"तुमाला की. माहेरचं लुगडं पायजे म्हणलं दाजी."

"मला हिरवे लुगडे? मल्लाप्पा, दाजी नक्की काय म्हणाले?"

"काय म्हणाले म्हंजे? पुण्याच्या सुंदराबाईला पानाला बसवायचं हाय, आक्कानं नाव घेऊन सांगितलंय, असं म्हणाले."

"पानाला? आणि तू मला लिहिलेस जेवायला."

"एकच न्हवं का त्ये?"

मी रस्त्याच्या दगडावर बसले. बायका वाचत असतील त्यांना सांगायला नको. पुरुषांसाठी सांगते: जेवायला कुणालाही बोलावतात, पानाला एकीलाच बसवतात. ते पान मेलेल्या बाईचे असते आणि त्यावर बसणारी सवाष्णच लागते. सदलग्याला नागूच्या घरचे लोक सवाष्णीची वाट बघत होते आणि मल्लाप्पा त्यांच्याकडे विधवा घेऊन चालला होता.

मी म्हणाले, "नागूला माझे काही कळलेच नसेल. म्हणून तिने नाव घेतले."

मला तसे वाटायला कारण होते. यजमान गेल्यानंतरही दर संक्रांतीला सदलग्याहून माझे वाण येत असे. तंबाखूचा एक दलाल पुण्याला येई, त्याच्याबरोबर तिळगूळ, एक खण, हळद आणि कुंकवाची पुडी. विधवेला हे कुणी पाठवत नाही. बातमी पोचली नाही, असे मी समजत होते. हळद स्वयंपाकाला लागे, खण मुलींना शिवायला देई, कुंकवाच्या पुड्या एका डब्यात ठेवून दिल्या होत्या.

मल्लाप्पा म्हणाला, "कळलं न्हाय कसं? मीच सांगितलं. त्याच साली, जत्रेला गेलतो तवा. लई रडली. मग म्हणली, मल्ल्या, हितं कुणाला बोलू नगं."

वर मोटार चालू झाल्याचा आवाज आला. लोक पळू लागले. मी चालतच गेले.

निपाणी

निपाणी आधी नाकाला कळते. गावात शिरण्यापूर्वीच मल्लाप्पाला शिंका सुरू झाल्या. वखारी, त्यांच्या दारात पोती, पोत्यांवर बसून माणसे सौदे करत होती. बोलताना मराठी, भाव सांगताना कानडी, आणि भांडताना दोन्ही. विड्या वळणाऱ्या बायका सुपे घेऊन घरोघरी ओसरीवर बसलेल्या. त्यातल्या एकीने मल्लाप्पाला विचारले, "शिंकतासा का हसतासा, पावनं?" उत्तरादाखल त्याला पुढची शिंक आली.

मुक्काम मल्लाप्पाच्या ओळखीच्या एका सूतवाल्याकडे होता. त्यांनी ज्वारीच्या गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवून दिला. पुण्यात लोण्याची ओळख आता फक्त कृष्णाच्या चित्रांतून राहिली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पण जेवताना माझे लक्ष नव्हते. निपाणीच्या मोटारअड्ड्यावरून एक गाडी कोल्हापूरकडे जात होती. तीत बसले असते तर परवा पुण्याला पोचले असते. मल्लाप्पाला मी तसे सांगितले.

तो म्हणाला, "मग मी काय सांगू तितं?"

"आजारी पडले म्हणून सांग."

"आन पान?"

मी विचार केला. आजारी म्हटले तर बरी होऊन येईल म्हणून ते परवा सकाळपर्यंत वाट बघतील, आणि ऐन वेळी दुसरी कुठून आणतील? नागूची पहिलीच नवमी, आणि पान रिकामे. आपण उद्याच पुढे जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितले तर त्यांना दुसरी शोधायला वेळ मिळेल. हा हिशेब सरळ होता. एवढ्यासाठीच मी पुढे गेले, असे मी मल्लाप्पाला सांगितले. नागूने सगळे ठाऊक असताना माझे नाव का घेतले हे मला कळून घ्यायचे होते, ते त्याला सांगितले नाही.

सदलगा

सदलग्याला बैलगाडीने गेलो. काळी जमीन, भाद्रपदातला चिखल. चाक एकदा असे रुतले की गाडीवान, मल्लाप्पा आणि मी, तिघांनी खांदा लावला. माझ्या लुगड्याला अर्ध्यापर्यंत चिखल लागला. गाडीवान म्हणाला, "पुण्याच्या बाईत जोर हाय." मी शहापूरची आहे असे त्याला सांगितले. तंबाखूची रोपे नुकतीच लावलेली होती, हातभरसुद्धा नव्हती, आणि शेतात बायका वाकून त्यांच्या भोवतीचे तण काढत होत्या.

नागूचे घर दुधगंगेच्या बाजूला, विणकरांच्या ओळीत आहे. आम्ही ओट्याशी पोचलो तर तिची धाकटी मुलगी गौरा पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. तिने माझ्या पायांवर पाणी घातले, चिखल धुतला आणि कुंकवाचा करंडा उघडला. तिच्या मागे दारात नागूची सासू. तिला सगळी गल्ली आव्वा म्हणते.

गौराचे बोट माझ्या कपाळाकडे आले तेव्हा मी तिचा हात धरला.

"थांब, बाळ. आव्वा, मी विधवा आहे. सहा वर्षे झाली. मल्लाप्पाला पानाला आणि जेवायला यातला फरक कळला नाही. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, दुसरी सवाष्ण बघा. मी पुरण वाटायला मदत करते."

आव्वाने माझ्याकडे पाहिले नाही. तिने मल्लाप्पाकडे पाहिले. "बापय मानूस," ती म्हणाली, आणि त्याला तेवढे पुरले. तो गाडीवानाला पैसे द्यायला म्हणून गेला तो बराच वेळ आला नाही.

मग नागूचा नवरा शिवाप्पा बाहेर आला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याला सारे कळल्यावर तो एवढेच म्हणाला, "तिनं ह्यांचं नाव घेतलंय. दुसरी बसवायची न्हाय."

"मग पान कुणाला घालतोस? भिंतीला?" आव्वा म्हणाली.

"पानच घालू नगासा."

तो आत गेला आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. मागावर सूत नव्हते. तो तसाच बसून राहिला.

मी आणि आव्वा स्वयंपाकघरात डाळ निवडू लागलो. बायकांना काही कळेनासे झाले की त्या डाळ निवडतात, हे पुण्यालाही असेच आहे. आव्वाने एक सूप निवडून संपवले. मग म्हणाली, "संक्रांतीचं वाण पोचत हुतं का तुला?"

"दर वर्षी."

"पुडी मी बांधायची. कुंकू चांगलं घाल म्हणून माझ्या मागं लागायची." तिने एक खडा उचलून बाहेर फेकला. "एकदा मी इचारलं, तुझ्या मैतरणीचा मालक काय करतोय गं? म्हणली, छापखान्यात हुता."

मी हात थांबवला.

"हुता म्हणली ती," आव्वा म्हणाली. "हुता. आन मी काय म्हणलं ठाऊक हाय? बरी नोकरी हाय, म्हणलं."

आधी मी हसले. मग आव्वा हसली, आणि हसता हसता तिने सूप खाली ठेवले आणि पदर तोंडाला लावला. गौरा आत डोकावून गेली. आजी आणि पाहुणी कशाला हसतात ते तिला कळेना.

"मला सांगितलं आसतं तर मी पुडी बांधू दिली नसती," आव्वा म्हणाली. "रांडमुंड बाईला कुंकू धाडतीस, म्हणून धा गोष्टी बोलली आसते. ठाऊक हुतं तिला. खोटं बोलली न्हाय, आन खरं कळू दिलं न्हाय."

"आणि पानाला माझे नाव?"

"ते तापात घेतलं. दोनदा घेतलं. तवाबी मला कळलं न्हाय." तिने पुन्हा सूप मांडीवर घेतले. मग म्हणाली, "माझं कुंकू पुसल्याला धा-बारा वरसं झाली. मला कुणी धाडलं न्हाय."

मी डाळ धुवायला घेतली.

नवमीच्या सकाळी आव्वाने मल्लाप्पाला खालच्या गल्लीतल्या तानव्वाकडे पाठवले. शिवाप्पा खड्ड्यातून उठला नव्हता. मी पुरण वाटून हात धुतले आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"शिवाप्पा, नागूला तुम्ही घरात कधी उपाशी ठेवलेत का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मग आज ठेवू नका. तिला पोचायचे ते सवाष्णीच्या तोंडून पोचू द्या. मला बोलावले होते, मी आले. तिचा शब्द राहिला."

तो म्हणाला, "तुमी लांबनं आलासा."

"परत जायलाही तितकेच लांब आहे. उठा."

तो उठला.

तानव्वा आली. गोल, हसरी, जेवणावर मनापासून प्रेम करणारी बाई. अशा दिवशी अशीच लागते. खाणाऱ्याला खाऊ घालण्यात घराला हलके वाटते. तिचे पाय धुतले, गौराने कुंकू लावले. पुरणाच्या पोळ्या, कटाची आमटी, भजी, भात, वर तूप. तानव्वाने चार पोळ्या खाल्ल्या आणि पाचवीला नको म्हणताना हात पानावर आडवा धरला तो बोटे फाकून, म्हणजे पडायची ती पोळी पडावी. गौराला हसू आवरेना. आव्वाने ओटी भरली. मल्लाप्पाने गाठोडे सोडले आणि लुगडे गौराच्या हातात दिले. देताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. लुगडे तानव्वाच्या ओटीत गेले तेव्हा मी घागर भरायला म्हणून परड्यात गेले. घागर भरलेली होती.

परत आले तर तानव्वा गेली होती, तिचे पान उचलून जमीन सारवलेली होती, आणि आव्वाने माजघरात दुसरा पाट मांडला होता. रांगोळी नाही, समई नाही. एक केळीचे पान, आणि त्यावर सारे वाढून झालेले.

"बस," ती म्हणाली.

"शिवाप्पांची पंगत आधी होऊ दे. मी मागून बसते."

"मागनं कशाला? पान तुझं हाय."

"पान झाले की, आव्वा. सवाष्ण जेवून गेली."

"त्ये सवाष्णीचं झालं. ह्ये शेजारणीचं."

"असले पान कुठे घालतात का?"

"घालत न्हाईत," आव्वा म्हणाली. "पर शेजारणीचा नवरा हाय का गेला, ह्ये कुठल्या शास्तरात इचारलंय? मला ठाऊक न्हाय. तुला ठाऊक आसंल तर सांग. तू मास्तरीण हाइस."

"मी शिवण शिकवते."

"मग गप बस आन जेव."

मी बसले. एकटी, मधोमध, आणि घरातली सगळी माणसे भिंतीला टेकून मी जेवते ते बघत उभी. मी फार कमी खाते. पण अशा पानावर काही टाकायचे नसते, आणि आव्वा वाढायची थांबेना. तिसरी पोळी शिवाप्पाने स्वतः आणली. वाकून ती पानावर ठेवताना म्हणाला, "तिला कट वाटीनं प्यायची सवय हुती. पंगतीतबी."

"शहापुरातही होती," मी म्हणाले. "तिची आई रागवायची."

"मीबी रागवायचो," तो म्हणाला.

मी आमटीची वाटी उचलली आणि तोंडाला लावली. शिवाप्पा मागे फिरला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग तो तसाच भिंतीकडे बघत म्हणाला, "सांगा की. ल्हानपणी कशी हुती?"

मी सांगितले. ताणा भिजल्याचे, गाण्याचे, उलट्या बाजूला मांडलेल्या रहाटाचे. पानावरचे संपले तरी उठू दिले नाही. गौराने विचारले, आईचा आवाज कसा होता गाताना? मी म्हणाले, माझ्यापेक्षा बरा. आव्वा म्हणाली, "मग लई काय न्हाय," आणि शिवाप्पासुद्धा हसला.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपल्यावर आव्वा ओट्यापर्यंत आली. तिने माझ्या हातात चार भाकऱ्या आणि चटणी बांधून दिली.

"पुढल्या नवमीला ये," ती म्हणाली. "एकदा घातलेलं पान मोडता येत न्हाय. तू आली न्हाईस तर म्हशीम्होरं ठेवावं लागंल, आन म्हस काय नागूची शेजारीण न्हवं."

"येईन," मी म्हणाले.

"येईन म्हणतीस का येतीस?"

"येते."

पुण्याला पोचल्यावर शाळेत जायच्या वाटेवर पंचांगाच्या दुकानात गेले आणि पुढच्या सालाचे पंचांग मागितले. दुकानदार म्हणाला, "अजून छापायलाही गेलं नाही, बाई. कुणाचं लग्न काढलंय का?"

"लग्न नाही. भाद्रपदात जेवायला जायचंय, तारीख बघायची होती. रजा आधी मागावी लागते."

"जेवायला? आत्तापासून?"

"लांब आहे," मी म्हणाले, आणि आले की एक माझ्या नावाने बाजूला ठेवायला सांगितले.